शेवटचा स्टॉप पहिले

त्यांच्या घरी पाहुण्याला पाणी विचारायची एक पद्धत होती. काकू तांब्या-पेला घेऊन यायच्या आणि काका ओसरीच्या खांबाला पाठ टेकून विचारायचे, "फुल का हाफ?"

नवा माणूस गोंधळायचा. फुल म्हटलं की पेला काठोकाठ भरून मिळे आणि तो संपेपर्यंत काका समोरून हलत नसत. हाफ म्हटलं की अर्धा मिळे. तो संपवून पुन्हा हाफ मागायला बंदी नव्हती. पेल्यात पाणी उरवणं मात्र त्या घरात चालत नसे. एकदा भंडाऱ्याहून आमच्या संस्थेचे साहेब आले होते. दोन घोट पिऊन त्यांनी पेला बाजूला ठेवला आणि बोलत राहिले. काकांचं लक्ष त्यांच्या बोलण्याकडे नव्हतंच, पेल्याकडे होतं. शेवटी साहेबांचं वाक्य मध्येच तोडून ते म्हणाले, "साहेब, फुलचं तिकीट काढलं अन् अर्ध्या रस्त्यात उतरून राहिले."

साहेबांनी पेला उचलला आणि मुकाट्याने संपवला.

धानाला लागणारं पाणी कमी करायच्या प्रकल्पावर माझी लाखांदूर तालुक्यातल्या त्या गावात नेमणूक झाली, तेव्हा राहायला काकांच्या घरातली रस्त्याकडची खोली मिळाली. मी भंडाऱ्याची. शिक्षण इंग्रजी शाळेत झालेलं आणि बोलायची सवय मुळातच कमी. पहिल्याच आठवड्यात मी खोलीत असताना काकूंचा काळजीचा आवाज ऐकू आला, "हे पोरगी बोलत काहून नाई जी? राग आला काय तिले?"

काका म्हणाले, "बोलणारे प्यासेंजर लय पायले. न बोलणाराच बराबर आपल्या स्टॉपवर उतरते."

त्यानंतर त्या घरात मला कुणी बोलायचा आग्रह केला नाही. इतक्या सहजपणे मला कुणी कधी सोडून दिलं नव्हतं.

काका एसटीत कंडक्टर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्यांच्या अंगातली बस काही थांबली नव्हती. ते सरळ उभे राहत नसत. पाय फाकवून, पाठ कशाला तरी टेकवून, पुढच्या वळणाची तयारी ठेवून उभे राहत. खांब, दाराची चौकट, मोहाचं झाड, बांधलेला बैल, काहीही चाले. लाखांदूरच्या बाजाराला जाताना रिकाम्या बसमध्येही ते बसत नसत. नवी कंडक्टर मुलगी म्हणायची, "बाबा, बसा ना, पडसान." ते तिला म्हणायचे, "मागचे दोघं बिनतिकिटी हायेत, ते पाय पयले." आणि मागचे दोघं खरंच खिडकीबाहेर पाहायला लागायचे.

हातात आलेला कोणताही कागद, लग्नाची पत्रिका असो की विजेचं बिल, ते उभा दुमडून बोटांच्या बेचक्यात अडकवत. अंतर टप्प्यांत सांगत. गावात कुणी वारलं तर म्हणत, "उतरला बिचारा." आणि 'बघू' या शब्दाचा त्यांना मनापासून राग होता. पाणी समितीच्या बैठकीत कुणी "बघू" म्हटलं की ते थंडपणे सांगत, "बघू नावाचा स्टॉप कोण्याच रूटवर नाही. आज का उद्या, ते सांग."

ते गावाच्या तलावाच्या पाणी समितीचे अध्यक्ष होते. तलाव जुना, मालगुजारीच्या काळातला. त्याच्या मातीच्या बांधाच्या पोटात तुडूम आहे, म्हणजे पाणी सोडायची दगडी वाट. तिथून पाट निघतो आणि धानाच्या बांध्यांमधून उताराने खाली जातो. बांधी म्हणजे चारी बाजूंनी धुरे, म्हणजे मातीचे बुटके बांध, घातलेला शेताचा चौकोन. एकीच्या धुऱ्याला तोंड पाडलं की पाणी दुसरीत उतरतं. गावाची रीत अशी होती की तुडुमाजवळच्याचं आधी भरायचं, मग त्याच्या खालच्याचं. भरलं म्हणजे किती, हे कुणी कधी ठरवलेलं नव्हतं. जुनी माणसं म्हणत, बांधीत आभाळ दिसलं पाहिजे. ज्याच्या बांधीत आभाळ दिसत नाही तो शेतकरी आळशी.

काका म्हणत, "आभाळ पाहाचं असंल तं मान वर कर. त्याच्यासाठी तलाव कायले रिता करतं?"

उभ्या पाण्याशी त्यांचं वैर होतं. "उभं पाणी म्हंजे बिनतिकिटी प्यासेंजर," ते म्हणत. "सीट अडवून बसते अन् काम काहीच नाही."

म्हणूनच असेल, आमच्या संस्थेचा पाइप त्यांना लगेच आवडला. तो साधा प्लास्टिकचा पाइप, भोवती भोकं पाडलेला, बांधीत उभा पुरायचा. वरची माती सुकलेली दिसली तरी आत डोकावलं की खाली पाणी किती खोल आहे ते कळतं. ते वीतभर खाली जाईपर्यंत धानाच्या मुळांना मिळत असतं; तोवर नवं पाणी द्यायची गरज नाही. गावात पहिल्या दिवशीच त्याचं नाव 'बासरी' पडलं. "म्याडमची बासरी वाजते का?" असं मला पोरंसोरं विचारत. काकांनी मात्र बासऱ्यांची तपासणी सुरू केली. खाकी शर्ट घालून, धुऱ्यावरून चालत, प्रत्येक बांधीपाशी वाकून ते आत पाहत आणि मालकाला सांगत, "तुह्यापाशी अजून पास हाय. कायले पाणी मांगतं?"

पाण्याच्या पाळीच्या दिवशी त्यांनी तुडुमाच्या लाकडाला एका म्हाताऱ्या बैलाची घंटा बांधली होती. दोन टोल म्हणजे पाणी सुटलं, एक टोल म्हणजे बंद. मोबाईल सगळ्यांकडे होते, पण निंदणाऱ्या बाया चिखलात मोबाईल नेत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. ते खरंही होतं.

आणि त्यांचा मुख्य नियम होता, शेवटचा स्टॉप पहिले. पाटाच्या टोकाला ज्यांची शेतं, त्यांना पाणी आधी, तुडुमाजवळच्यांना शेवटी. गावाची रीत त्यांनी अध्यक्ष होताच उलटी केली होती. त्याचं कारण त्यांनी मला एकदा जेवताना सांगितलं. संध्याकाळच्या शेवटच्या गाडीत डेपोवरच जवळच्या गावांची माणसं जागा धरून बसत. लांबच्या गावाचा माणूस दाराशी लोंबकळे, किंवा राहूनच जाई. काका मग दारात आडवे उभे राहून आधी लांबच्यांना आत घेत. त्यावरून मारामाऱ्या झाल्या, तक्रारी गेल्या. "पण जवळचा उभा राहून जाऊ शकते," ते म्हणाले. "लांबचा उभा राहून जात नाही. तो घरीच जात नाही."

पाटाच्या टोकाला शेवंताबाईची शेतं होती. खालच्या वस्तीतल्या आणखी काही घरांचीही. ती जमीन शेवंताबाईच्या सासऱ्यांनी घेतली तेव्हा दुसऱ्या कुणाला नको होती, कारण तिथवर पाणी पोचत नसे. तिचा नवरा नागपूरला नोकरीवर; शेती तीच पाहायची. मी पहिल्यांदा बासरी पुरायला गेले तेव्हा "जय भीम" म्हणून तिने माझ्या हातातला पाइप घेतला, त्यातून आरपार पाहिलं आणि म्हणाली, "पाणीच नाई येत आमच्याकडं, तं याच्यात पाहाचं काय व? तुह्या भंडाऱ्याचं घर दिसते काय?" पण काकांच्या नियमानंतर पाणी येऊ लागलं होतं. तिने पाइप पुरून घेतला.

तुडुमाला लागून असलेली शेतं देवाजीची. देवाजी म्हणजे काकूंचा सख्खा भाऊ, काकांचा साळा. पिढ्यानपिढ्या पहिलं पाणी त्याच्या घराचं होतं आणि ते त्याच्याच मेहुण्याने काढून घेतलं होतं. दोघं एकमेकांशी बोलत, पण मस्करीतच, आणि मस्करीला धार असे.

"भाऊजी, तुमाले पोरगी देऊन आमी फसलो," देवाजी ओसरीवर येऊन म्हणायचा. "हुंडा नाई मांगतला म्हणून खूश झालो होतो. पाणीच घेऊन गेले."

"तुह्या बहिणीले इच्यार, कोण फसलं," काका म्हणायचे.

काकू दोघांनाही उत्तर देत नसत. भावाला चहा देत आणि नवऱ्याला आत बोलावत.

त्या वर्षी पोळ्यापासून पावसाने तोंड फिरवलं. तलाव आधीच पुरता भरला नव्हता. जादा पाणी वाहून जायची सांडव्याची वाट कोरडीच होती. आता रोज निरभ्र ऊन. पूर्वीही असे खंड पडत, पण इतके लांब नसत असं सगळेच म्हणत, आणि मग कापणीच्या वेळी नको तेव्हा पाऊस येतो असंही म्हणत. आदल्या वर्षी देवाजीच्या कापून पसरलेल्या धानाच्या कडपा अशाच दिवाळीच्या तोंडावर भिजून उगवल्या होत्या. म्हणून यंदा त्याने भारी, उशिरा येणारं धान सोडून हलकं लावलं होतं, लवकर येणारं, पावसाने गाठायच्या आत कापून घरात न्यायचं. खालच्या वस्तीने नेहमीसारखं भारीच लावलं होतं. त्याला वेळ होता.

समितीची बैठक झाली. तलावातलं पाणी पाहता दोन पाळ्या निघतील, त्याही अर्ध्या-अर्ध्या शिवारापुरत्या, तिसरी नाही, एवढं सगळ्यांना मान्य होतं. काकांनी जाहीर केलं, "तीन दिवसांनी पाळी. शेवटचा स्टॉप पहिले." देवाजी उठून गेला. तो मस्करी न करता गेला हे मला खटकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बासऱ्या पाहायला गेले. देवाजीच्या बांधीत पाणी वीतभराच्या खाली होतं. मी एक पोटरी, म्हणजे लोंब जिच्यात वाढते ती काडी, सोलली. आत लोंब तयार होती, बाहेर पडायला टेकलेली. धान निसवताना, म्हणजे लोंब बाहेर पडताना, त्याला पाणी लागतंच. तेव्हा ताण बसला तर लोंबी पांढऱ्या पडतात, दाणा पोचट होतो, मग मागून कितीही पाणी द्या. मी तशीच पाटाने चालत टोकाला गेले. शेवंताबाईच्या बांधीतली माती वरून तडकायला लागली होती, पण बासरीत पाणी होतं. तिच्या धानाच्या पोटरीत अजून काहीच नव्हतं, नुसती हिरवी घडी. ते आणखी थांबू शकत होतं. निसवायला लागलं की मात्र त्यालाही पाणी लागणार होतं.

म्हणजे पहिली पाळी वरच्यांना द्यायला हवी होती आणि दुसरी, राखून ठेवलेली, खालच्यांना. नियम तसाच चालवला तर खाली आत्ता गरज नसलेलं पाणी जाणार आणि वर देवाजीचं पीक जाणार.

हे काकांना सांगायचं कसं, ते मला कळेना. मी त्यांच्या घरात राहत होते, काकूंच्या हातचं जेवत होते आणि देवाजी काकूंचा भाऊ. मी परतीच्या वाटेवर मनात इंग्रजीत दोन-तीन वाक्यं जुळवली, ती मराठीत आणताना सगळी भांडखोर झाली. शेवटी मी बोललेच नाही. काका ओसरीवर जेवायला बसले होते. मी दोन सोललेल्या पोटऱ्या त्यांच्या ताटाशेजारी ठेवल्या. एकीला म्हटलं, "देवाजी मामांची." दुसरीला, "शेवंताबाईची."

ते धानाच्या गावात जन्मलेले. त्यांना पुढचं सांगावं लागलं नाही. घास हातात तसाच राहिला.

"म्याडम," ते म्हणाले, "तुमी माह्या साळ्याची वकिली करून राहिल्या का?"

"नाही," मी म्हटलं. "धानाची."

ते उठून हात धुवायला गेले. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ते ओसरीच्या खांबापासून हलले नाहीत. काकू एकदाच दारात आल्या आणि म्हणाल्या, "माह्या भावासाठी काई करू नका जी. गाव नाव ठेवंल." काका म्हणाले, "तुह्या भावासाठी कोण करून राहिलं?" पण त्यांच्या आवाजात नेहमीचा जोर नव्हता. मला वाटतं, नियम चुकतोय यापेक्षा तो नेमका देवाजीच्या बाजूने चुकतोय, याचा त्यांना जास्त त्रास होत होता. दुसऱ्या कुणाचं शेत वर असतं तर त्यांनी तासाभरात निर्णय दिला असता.

सकाळी त्यांनी खाकी शर्ट घातला आणि मला म्हणाले, "चला. त्या काड्या संग घ्या."

आम्ही खालच्या वस्तीत विहाराच्या ओट्यावर गेलो. शेवंताबाई आणि टोकाचे बाकी शेतकरी जमले. काकांनी सगळं सरळ सांगितलं, लपवलं काही नाही. यंदा वरच्यांचं पहिले निसवून राहिलं. पहिलं पाणी त्यायले, दुसरं तुमाले. शेवटी म्हणाले, "नियम मीच केला होता. मीच बदलू का म्हणून इचारून राहिलो."

शेवंताबाईने दोन्ही पोटऱ्या हातात घेऊन उलटसुलट पाहिल्या.

"काका," ती म्हणाली, "लोकं म्हणतात, पाणी उताराकडं वाहते. आमच्या गावात ते सोयऱ्याकडं वाहते. माह्या सासऱ्यानं पायलं, मी पायलं. मधात तुमी दोन-तीन साल उताराकडं वाहू देलं. आता परत?"

"काड्या पाय न व."

"काड्या पायल्या. काड्या खोट्या नाई बोलत. माणसाचं काय? पहिलं पाणी घेतलं अन् दुसऱ्या पाळीले त्यायनं तोंड बांधलंच नाई, तं आमी कोणाच्या तोंडाकडं पाहाचं?"

काका टेकायला काहीतरी शोधत होते. ओट्याला खांब नव्हता.

मग शेवंताबाईने अट घातली. पाणी वर जाऊ दे. पण देवाजीच्या बांधीवर ती स्वतः उभी राहील. बांधीत दोन बोटं पाणी झालं की तोंड बंद, आणि ते देवाजीने स्वतःच्या हाताने करायचं. "अन् काका," ती म्हणाली, "तुमी त्या दिशी पाटावर याचं नाई. घरीच बसाचं. तुमी असले की त्यो भाऊजी भाऊजी करंल, अन् तुमी आमच्या डोळ्यात पाहू शकणार नाई. तुमी नसलेच बरे."

पाळीच्या दिवशी काका तलावावर नाहीत, असं कधी झालं नव्हतं. मला वाटलं ते भडकतील. ते तिच्याकडे पाहून म्हणाले, "मंजूर."

तो दिवस मी विसरणार नाही. काका पहाटेच उठले, अंघोळ केली, सवयीने खाकी शर्ट घातला आणि ओसरीवर खांबाला टेकून उभे राहिले. तलावाकडून दोन टोल आले. घंटा दुसरं कुणीतरी वाजवत होतं आणि त्यात अंतर जास्त पडलं होतं. काकांचा चेहरा वाकडा झाला. "अशी डबल बेल राह्यते का? डायवर गाडी बंद करंल."

"बसा न जी आता," काकू म्हणाल्या.

"कोठी बसू?"

"घर तुमचंच हाय. कोठीबी बसा."

ते बसले नाहीत. मी तलावावर जायला निघाले तेव्हा त्यांनी मला हाक मारली. काहीतरी सांगायचं होतं. तोंड उघडलं, मग मान हलवली. "जा. मी काईच नाई सांगत. सांगितलं तं ते बी जाणंच झालं."

देवाजीच्या बांधीवर शेवंताबाई धुऱ्यावर उभी होती, पदर खोचलेला. देवाजी समोरच्या धुऱ्यावर फावडं टेकवून. मधून पाणी शिरत होतं, तडे भरत होते, मातीतून बुडबुडे येत होते. दोघंही पाण्याकडे पाहत होते, एकमेकांकडे नाही.

"अजून थोडं येऊ दे, बाई," देवाजी म्हणाला. "जमीन पिऊन राहिली."

"जमीन पिऊन राहिली का तुमी?"

"मले प्याची सवय नाई. पाहिजे तं गावात इचार."

"गावात इचारलं म्हणूनच तं आली."

शेजारच्या बांधीतला एकजण हसला. देवाजीलाही हसू आलं, ते त्याने दाबलं. शेवंताबाई खाली उतरली, धानाच्या बुडाशी आडवी बोटं बुडवली आणि हात वर करून दाखवला. दोन बोटं ओली होती. देवाजीने बांधीभर नजर फिरवली. त्याच्या आयुष्यात त्याच्या बांधीत इतकं कमी पाणी असताना तोंड बांधायची वेळ आली नसावी. लांबवरच्या कोपऱ्यात माती अजून दिसत होती.

"तो कोपरा राहिला," तो म्हणाला.

"कोपऱ्यातली बासरी पाहा," मी म्हटलं. माझा आवाज मलाच मोठा वाटला.

तो गेला, वाकला, पाहिलं. परत आला आणि चिखलाची ढेकळं लावून त्याने तोंड बांधलं. पायाने दाबलं. शेवंताबाईने पुन्हा एकदा वरून पाय दिला, आणि ती पुढच्या बांधीकडे गेली.

मी घरी येऊन काकांना हे सांगितलं. ते म्हणाले, "तिनं बी पाय देला?" मी हो म्हटलं. तेव्हा कुठे ते बसले.

त्यानंतरचे दिवस वाईट होते. पाऊस आला नाही. तलावातलं पाणी रोज खाली जाताना दिसे, आणि जे उरलं होतं ते खालच्यांचं आहे हे गावात प्रत्येकाला माहीत होतं. त्यामुळे प्रत्येकजण त्याकडे पाहत होता. देवाजीचं धान निसवलं, लोंबी वाकायला लागल्या. मधल्या शेतांना मात्र आणखी एक पाणी हवं होतं आणि ते मागायला रोज कुणीतरी ओसरीवर यायचं. काका प्रत्येकाला पेलाभर पाणी देत, फुल का हाफ विचारून, आणि म्हणत, "एवढंच हाय माह्या हातात."

शेवंताबाईच्या पोटऱ्या मी सोलून पाहत होते. ज्या दिवशी आत लोंब दिसली त्या दिवशी मी काकांना सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोन टोल झाले, नीट, जवळजवळ.

पाट कोरडा पडलेला होता. पाणी त्यातून धावत नव्हतं, रांगत होतं. काका पाण्याच्या तोंडासोबत चालत होते. पाणी थांबे तिथे थांबत, काठीने पानं बाजूला करत, खेकड्याचं बीळ दिसलं की वाकून चिखलाने बुजवत. वरच्या शेतांचं प्रत्येक तोंड बांधलेलं होतं. देवाजी सकाळपासून आपल्या धुऱ्यावर बसून होता, त्याच्या बाजूने पाटाला रात्री कुणी भोक पाडलं असेल तर ते दिसावं म्हणून. काकूंनी त्याला तिथेच डबा नेऊन दिला. काका त्याच्यासमोरून गेले तेव्हा तो म्हणाला, "भाऊजी, पाय दमले असतील तं बसा थोडे."

"पाणी बसू दे पयले," काका म्हणाले आणि पुढे गेले.

मधल्या एका शेताशी धुरा ओला दिसला, तोंड नुकतंच पाडलेलं. मालक तिथेच होता आणि हात जोडल्यासारखं करत होता. काकांनी त्याला शिव्या दिल्या नाहीत. त्याच्या हातातलं फावडं घेतलं, तोंड बांधलं आणि फावडं आपल्यासोबत घेऊन गेले. तो मागून म्हणाला, "फावडं तं देऊन जा." काका म्हणाले, "संध्याकाळी घरून घेऊन जाजो. पाणी पिऊन जाजो."

उन्हं उतरायला लागली तेव्हा पाणी शेवंताबाईच्या वरच्या बांधीत शिरलं. ती धुऱ्यावर उकिडवी बसली होती. पाणी तड्यांमध्ये उतरत गेलं, मग तड्यांवरून पसरलं, मग धानाच्या बुडांभोवती फिरलं. लोंबी नुकत्याच बाहेर पडत होत्या. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. काका टेकायला काही न मिळाल्याने फावड्यावर टेकून उभे होते. ते बसले नाहीत. एका बांधीतून दुसरीत, दुसरीतून शेजारच्या शेतात, पाणी टोकापर्यंत जाईस्तोवर ते तसेच होते.

"काका," शेवंताबाई पाण्याकडे पाहतच म्हणाली, "पुढल्या साली आमी बी हलकंच लावतो म्हणतो. कापणीच्या वक्ती पाऊस आमाले बी सोडत नाई. मंग सगळ्यायचंच एका वक्ती निसवंल. तवा कोणाले पहिले देसान?"

त्याचं उत्तर बासरीत दिसत नाही. मी काकांकडे पाहिलं. त्यांनी वाकून बांधीत बोटं बुडवली, पाहिली, शर्टाला पुसली.

"तवा भांडू," ते म्हणाले. "रोवण्याच्या पयले, सगळे मिळून. तू बी येजो, तुह्या घरवाल्याले बी आणजो. आता तोंड बांध."

त्यांनी तिच्याकडे फावडं पुढे केलं. शेवंताबाईने ते घेतलं नाही. ती चिखलात उतरली आणि हातांनीच बांधायला लागली.